सातपूरचं बिनपाटीचं गॅरेज आणि माझी २०११ ची वॅगनआर

पाटी नाही, नकाशावर सापडत नाही, आणि फोन केला तर बहुधा उचलत नाहीत. तरीही घरात जुनी पेट्रोल गाडी असेल आणि तिचं ॲव्हरेज घसरलं असेल, तर सातपूर एमआयडीसीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये एकदा जाऊन याच. त्र्यंबक रोड सोडून आत शिरलात की कुठल्याही चहाच्या टपरीवर ‘मायकोवाल्यांचं गॅरेज’ विचारा. मिस्त्रींची नोकरी मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलच्या नोझलची मापं तपासण्यात गेली. त्यामुळे अंदाजपंचे बोलणाऱ्याचा त्यांना भारी राग.

माझं काम विम्याचं. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी असं सतत फिरणं, महिन्याला हजारेक किलोमीटर होतातच. हजार सीसीची वॅगनआर पूर्वी सोळा-सतरा द्यायची, ती साडेबारावर आली होती. नाशकात पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून हे बरंच खुपत होतं. त्यात यंदा गाडीला १५ वर्षं होतात, म्हणजे री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आलं, पर्यावरण कर आला. ठेवायची की काढायची, हा घरातला रोजचा वाद.

यांच्याकडे पहिल्या भेटीत बॉनेट उघडतच नाहीत. “ताई, साडेबारा कोणी सांगितलं?” मी म्हटलं, डायरीत लिहिते की. “पाचशेचं टाकता का फुल करता?” मग रीतसर गृहपाठ मिळाला. टाकी फुल, पंपाचं नोझल आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं, वर आणखी ठासून भरायचं नाही, ट्रिपमीटर शून्यावर. टाकी निम्म्याच्या खाली गेली की त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा फुल. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा मावलेलं पेट्रोल. हा आकडा आणल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. काही लोक इथूनच चिडून परत जातात. मला आवडलं. विम्यातसुद्धा आधी मेडिकल, मग पॉलिसी.

आकडा आला १२.३. मग गाडी जॅकवर चढली.

मागची दोन्ही चाकं अधांतरी, हँडब्रेक सोडलेला. उजवं चाक त्यांनी एका हाताने फिरवलं, ते आरामात फिरत राहिलं. डावं फिरवलं तर खर्र आवाज करत जेमतेम अर्धा फेरा मारून थांबलं. “आता तुम्ही फिरवा.” मी फिरवलं. हाताला जोर लागत होता. हँडब्रेकची वायर तिच्या आवरणात गंजून अडकली होती, त्यामुळे लिव्हर खाली गेला तरी ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला घासतच राहायचे. म्हणजे ब्रेक अर्धवट लावून मी निफाडपर्यंत जात होते आणि घासून निर्माण होणाऱ्या त्या उष्णतेचं पेट्रोल मीच भरत होते. वायर बदलली, ड्रम उघडून साफ केले, लायनर जुनेच ठेवले. “अजून चालतील,” एवढंच म्हणाले.

पण खरी चोरी पुढे होती. मिस्त्रींनी विचारलं, थंडीत हीटर नीट चालतो का? नाही, कोमट हवा येते. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला आणि मला शेजारी बसवून त्र्यंबक रोडला गाडी काढली. इंजिनचं तापमान साठ-पासष्टच्या पुढे सरकेना, जे नव्वदच्या आसपास असायला हवं. परत येऊन कूलंटचा पाइप खोलला तर थर्मोस्टॅट जागेवर नाहीच! पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात, नाव घेत नाही, ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणून काढून टाकला असणार. असं करणारे पुष्कळ आहेत आणि गाडी तापत नाही म्हणून गिऱ्हाईकही खूश असतं. पण थर्मोस्टॅटचं कामच ते, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं. तो नसला की इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे जातो ते नाशिककरांना सांगायला नको. नवा थर्मोस्टॅट आणि ताजं कूलंट घातल्यावर हीटरसुद्धा सुधारला, तो फुकटात.

काय केलं नाही, तेही सांगते. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं क्लीनिंग नको म्हणाले, कारण स्कॅनरवर तशी काही तक्रार दिसत नव्हती. एअर फिल्टर काढून उजेडात धरला आणि परत लावला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा फरक पडत नाही, तो कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हिशेब, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दीरांनी हौसेने पेट्रोलच्या पाइपवर बसवलेलं लोहचुंबक मात्र काढून माझ्या हातात दिलं, “फ्रिजला लावा.” मी नंतर वाचलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ॲव्हरेज वाढवणारी म्हणून विकली जाणारी अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत आणि फार थोड्यांचा नावापुरता उपयोग दिसला. दीरांना अजून सांगितलेलं नाही.

इथेनॉलबद्दलही त्यांनी आशेला लावलं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल जुन्या गाडीत थोडं कमी चालणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. “तेवढं सोडून द्यायचं ताई, ते आपल्या पान्यात बसत नाही.” रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसला बघून घ्या म्हणाले.

त्र्यंबक रोडच्या त्या फेरीत नवऱ्याचाही एक हट्ट निकालात निघाला. कसारा घाट उतरताना हे गाडी न्यूट्रलला टाकतात, पेट्रोल वाचतं म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मिस्त्रींनी हे स्कॅनरवर आकडा शून्य होताना दाखवलं. घरी फोटो दाखवला तेव्हा कुठे पटलं.

आता तक्रारी. बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची, तीही बहुतेक वेळा स्पेअर पार्टांनी भरलेली. बाईमाणसाला दोन तास थांबायचं तर काही सोय नाही. संध्याकाळी देतो म्हणालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. चाकांची अलाइनमेंट इथे होत नाही, ती बाहेरून करून घ्यावी लागली. बिल वहीच्या पानावर. आणि क्रीम रंगाच्या सीट कव्हरवर ग्रीसची चार बोटं उमटली आहेत, ती कशानेच जात नाहीत.

खर्च सगळा मिळून ३,४०० रुपये. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरायची सवय लागली ती वेगळी. फुल टू फुल मोजून आता १६ च्या आसपास मिळतंय. माझ्या फिरण्याला महिन्याला अठरा-एकोणीस लिटर वाचतात, म्हणजे दोन महिन्यांत बिल वसूल. गाडी ठेवायचं ठरलंय. क्लचप्लेट वर्षभरात जाईल असं त्यांनी सांगून ठेवलंय, ती पासिंगच्या आधी इथेच बदलून घेणार. तोवर त्यांनी फोन उचलायला शिकावं.