डिचोलीतील जमीन-तपासणी सेवा : लीज, झोन आणि एक-चौदा एकाच नकाशावर

गोव्यातील डिचोलीच्या बाजारपेठेत एक निवृत्त सर्वेक्षक आणि एक तरुण स्थापत्य अभियंता मिळून लहानसे कार्यालय चालवतात. एखादी जमीन खाणीच्या हद्दीत येते का, तिचा झोन कोणता आणि तिच्यातून चिरे किंवा खडी काढता येईल का, हे तपासून लेखी अहवाल देणे हे त्यांचे काम. आमच्या घराण्यातील काजूच्या भाटाची (बागायतीची) वाटणी करण्यापूर्वी आम्ही ही सेवा घेतली. एका सर्व्हे नंबरासाठी बारा हजार रुपये शुल्क पडले. रक्कम लहान नाही, परंतु मोजणीचे काम पाहता ती वसूल झाली असे मी म्हणेन. अहवालातील पंचायतीविषयीचा भाग मात्र इतका त्रोटक आहे की तो नसता तरी चालले असते.

अशा सेवेची गरज का पडते, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सहज उमगणार नाही. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमीन-हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कब्जेदार, कूळ आणि पीक दिसते. इतर हक्कांच्या रकान्यात खाणीची नोंद असली तर दिसते, पण ती नाही म्हणजे लीजही (खाणपट्टाही) नाही, असा अर्थ काढता येत नाही. प्रादेशिक आराखडा 2021 प्रमाणे जमीन सेटलमेंट (वस्ती) झोनमध्ये आहे की ऑर्चर्ड (बागायत) झोनमध्ये, याचा दाखला नगर नियोजन खात्याकडून घ्यावा लागतो. लीजचे नकाशे खाण संचालनालयाकडे असतात. प्रत्येक खाते आपापल्या कागदापुरते बरोबर बोलते, पण हे तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, आणि जमीनमालकाचे नुकसान नेमके तिथेच होते.

या कार्यालयाचे कसब दिसते ते हे कागद एकमेकांवर बसवण्यात. गोव्यातील बहुतेक जुनी लीजे मुळात पोर्तुगीज काळातील सवलती, म्हणजे खाणकामाचे दिलेले हक्क. त्यांना आजही टी.सी. (सवलतपत्राचा) क्रमांक आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे लावून ओळखले जाते. त्या सवलती 1961 पूर्वीच्या, तर आजचे सर्व्हे नंबर 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीतले. त्यामुळे सवलतीच्या मूळ नकाशावर सर्व्हे नंबर नसतोच. असतात त्या हद्दीच्या खुणा, अंतरे आणि दिशा, आणि त्यांतील कितीतरी खुणा पुढे खाणकामातच नाहीशा झालेल्या. निवृत्त सर्वेक्षकांनी आमच्या बाबतीत नकाशाची प्रत मिळवून, जागेवर शिल्लक राहिलेल्या खुणा शोधून, त्यांच्या आधारे जुनी रेषा आजच्या गावनकाशावर उतरवली. भाटाच्या पूर्वेकडील एक अरुंद पट्टा त्या रेषेच्या आत येतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले. ही रेषा काही मीटरांनी इकडेतिकडे असू शकते, असेही त्यांनी अहवालात लिहून दिले. असा प्रामाणिकपणा या व्यवसायात दुर्मीळ आहे.

रेषेच्या आत येण्याचा अर्थ काय, हे अहवालाने चांगले उलगडले आहे. या सवलती 1987 च्या केंद्रीय कायद्याने रद्द होऊन त्यांची लीजे झाली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही लीजे 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपल्याचे ठरवून लोहखनिजाच्या वार्षिक उत्खननावर तात्पुरती दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि त्या निकालानंतर केलेली 88 लीजांची नूतनीकरणेही 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द केली. यावरून आमच्या गावात पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की आता सगळे संपले, जमीन मोकळी झाली. अहवालात हा गैरसमज थेट खोडला आहे : लीज संपले तरी जमिनीखालचे खनिज जागच्या जागी आहे, आणि खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर ते लिलावानेच द्यायचे असल्यामुळे जुनी हद्द लिलावासाठी आखलेल्या नव्या ब्लॉकच्या हद्दीत समाविष्ट होऊ शकते. डिसेंबर 2022 मध्ये डिचोली, शिरगाव-मये, मॉन्त द शिरगाव आणि काले या पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला. डिचोली ब्लॉक सुमारे 478 हेक्टरांचा आहे. घरे, देवळे आणि तळी लीजमधून वगळा, ही मुळगावच्या ग्रामस्थांची मागणी कशातून आली हे या एका आकड्यावरून समजते. ब्लॉकमध्ये येणे म्हणजे जमीन गेली असे नव्हे, पृष्ठभागाच्या कब्जेदाराला 1957 च्या खनिज कायद्याच्या 24-अ कलमाखाली भरपाईचा हक्क असतो, हेही अहवालात नमूद आहे. ती भरपाई पदरात कशी पाडून घ्यायची, यावर मात्र एक ओळही नाही.

सत्तरी तालुक्यातील ग्राहकांसाठी अहवालाला एक वेगळा तक्ता जोडतात, असे समजले. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या हद्दीत, तसेच हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामास न्यायालयाने मनाई केलेली असल्यामुळे म्हादई अभयारण्यालगतच्या जमिनींना तो उपयोगी पडावा.

चिऱ्यांविषयीची दोन पाने मला सर्वांत आवडली, कारण ती ग्राहकाला गोड वाटावे म्हणून लिहिलेली नाहीत. आपल्या भाटातले चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) आपलेच, ते काढायला कोणाला विचारायचे, अशी आपल्याकडची समजूत. प्रत्यक्षात चिरा, खडी आणि रेती ही गौण खनिजे असून त्यांना गोव्याचे 1985 चे गौण खनिज नियम लागू होतात. खाण खात्याची परवानगी हवी, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2012 च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही पर्यावरण दाखला लागतो. डोंगर कापायचा झाल्यास नगर नियोजन कायद्याच्या 17-अ कलमाखालील पूर्वपरवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो. विनापरवाना उत्खननाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे वाचल्यावर आमच्या एका चुलत्यांनी खालच्या अंगाला चिरेखाण काढण्याचा विषय तिथेच सोडला. बारा हजारांतले निम्मे तरी तिथेच वसूल झाले.

आता पंचायतीविषयी. ‘स्थानिक पंचायतीचा ना हरकत दाखला घ्यावा’ एवढ्या एका वाक्यात अहवालाने हा विषय गुंडाळला आहे. वास्तविक ग्राहकाला याच ठिकाणी मार्गदर्शन हवे असते. 1994 च्या पंचायत राज कायद्याखाली पंचायत घराला परवाना देते, पण त्या घराशेजारी खाणीची हद्द कुठून जावी हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. गोव्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील (आदिवासी) क्षेत्र नसल्यामुळे गौण खनिजांसाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक करणारा पेसा कायदाही येथे लागू नाही. उरते ती पर्यावरण दाखल्याविषयीच्या 2006 च्या अधिसूचनेखालील जनसुनावणी : किमान तीस दिवसांची सूचना, पंचायतीकडे प्रकल्पाच्या पर्यावरण-परिणाम अहवालाच्या मसुद्याची प्रत, आणि उपस्थितांच्या संख्येची कोणतीही अट नाही. म्हणजे सुनावणीला कोणीच फिरकले नाही तरी ती पार पडल्याचे कागदावर येते. मसुदा कुठे वाचायला मिळतो आणि लेखी आक्षेप कोणाकडे द्यायचा, हे अर्ध्या पानात सांगता आले असते.

तुलनेसाठी एक गोष्ट नोंदवतो. कॅलिफोर्नियात 1975 च्या पृष्ठीय खाणकाम कायद्यानुसार राज्याचा भूवैज्ञानिक जमिनीचे खनिजदृष्ट्या वर्गीकरण करतो, आणि ते हाती आल्यावर बारा महिन्यांत काउंटीला किंवा शहराला आपल्या विकास आराखड्यात त्याची दखल घ्यावी लागते. खाणीचा परवाना, जमीन पूर्ववत करण्याची योजना आणि त्यासाठीची आर्थिक हमी हेही सर्वसाधारणपणे तीच स्थानिक संस्था पाहते. तेथेही वाद होतात, पण खनिजाचा नकाशा आणि झोनचा नकाशा एका टेबलावर येणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे तेच काम बाजारपेठेतल्या एका कार्यालयाकडून पैसे मोजून करून घ्यावे लागते.

किरकोळ तक्रारी दोन. मुख्य अहवाल इंग्रजीत असून मराठीत केवळ एका पानाचा गोषवारा मिळतो. घरातील वडीलधाऱ्यांना सह्या करायच्या असतात तेव्हा तो पुरत नाही. शिवाय नकाशाची मोजपट्टी इतकी लहान ठेवली आहे की आमचा वादाचा पट्टा पेन्सिलीच्या रेघेएवढा दिसतो. मागितल्यावर मोठी प्रत विनाशुल्क दिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

सेटलमेंट झोनमधील तयार भूखंड किंवा सदनिका घेणाऱ्याला एवढ्या तपासणीची गरज पडेलच असे नाही. डिचोली, सत्तरी किंवा सांग्यात डोंगर उतारावरची किंवा डंपालगतची (खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगालगतची) जमीन असेल, तर मात्र विक्रीखतापूर्वीच त्यांच्याकडे जावे. पावसात झाडी वाढून हद्दीच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून मोजणीसाठी डिसेंबरनंतरचे दिवस मागून घ्यावेत. एक-चौदाच्या उताऱ्यासोबत आजोबांच्या काळातला एखादा पोर्तुगीज कागद घरात असेल तर तोही न्यावा, त्याचे वाचन शुल्कातच धरलेले आहे.