पानिपतच्या वाटेवर सात पंक्चर

पुण्याहून पानिपतला हमरस्त्याने निघालं तर दोन दिवसांत पोचता येतं. आम्ही नऊ दिवस काढले होते. १७६० साली भाऊसाहेबांची फौज ज्या अंगाने उत्तरेला गेली, जमेल तेवढं त्याच अंगाने जायचं, हा मेहुण्याचा हट्ट. परतूर, सिंदखेडराजा, बऱ्हाणपूर, हंडियाला नर्मदा, पुढे सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर. बायकोची एकच अट होती, रात्री गाडी चालवायची नाही. आडरस्त्यावर लूटमार होईल अशी तिला धास्ती. तसं काहीच झालं नाही. आम्हाला लुटलं ते सकाळी साडेदहाला, चहा पाजून.

बऱ्हाणपुरात मावा जिलेबी खाल्ली, असीरगड चढलो, २००४ साली धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या हरसूदजवळून पुढे आलो. हंडियाला पूल ओलांडला, पलीकडे नेमावरला सिद्धेश्वराचं देऊळ पाहिलं आणि आष्ट्याच्या दिशेने निघालो. वाटेत एका गावात पेट्रोल भरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच गावात एका म्हाताऱ्याने आम्हाला वाट दाखवायला आपली सायकल अर्धा किलोमीटर पुढे दामटली होती.

पंपावर हवा फुकट असते, म्हणून म्हटलं, तेवढी तपासून घेऊ. हवा भरणारा पोरगा मागच्या डाव्या चाकाशी बसला, पाइप लावला, काढला, मान हलवली. "साहब, इसमें तो अठारा ही है. पंक्चर है." मी सकाळी लॉजच्या दारात चारही टायर लाथ मारून पाहिले होते. पण यंत्रावर १८ आकडा दिसत होता आणि आकड्यापुढे माणूस गप्प बसतो. दुकान समोरच, रस्त्यापलीकडे.

खरं तर तिथेच स्टेपनी लावायला हवी होती. पण ती डिकीच्या तळाशी, आणि तिच्यावर नऊ दिवसांच्या बॅगा, बायकोने घेतलेली केळ्याच्या वेफर्सची पोती आणि मेहुण्याची पुस्तकं. कोण उपसणार? दुकानदार म्हणाला, "पाँच मिनट का काम है, आप चाय पीजिए." चहा त्यानेच मागवला. आम्ही टपरीच्या सावलीत बसलो, चाकाकडे पाठ करून.

परत गेलो तेव्हा चाक निघालेलं, टायर आडवा, शेजारी साबणाच्या पाण्याचं घमेलं. तो स्पंज फिरवत होता. स्पंज पुढे सरकला की मागे एक बुडबुडा फुगायचा. मग दुसरा. "देखिए साहब, एक और." प्रत्येक बुडबुड्याला तो खडूने गोल करत होता. सात गोल झाले. आतून मशरूम पॅचच, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ, लावावा लागेल, बाहेरून खोचायच्या दोरीने भागणार नाही, वाटेत टायर फुटला तर बालबच्चे आहेत, वगैरे. एका पॅचचे साडेतीनशे. मी विचारलं, खिळा कुठे आहे? म्हणाला, निघून पडला असेल. सातही? त्यावर हसला. दोन हजार चारशे पन्नास रुपये दिले, तेही रोख, कारण 'नेटवर्क नहीं है'. माझ्या फोनवर नेटवर्कच्या चारही काड्या होत्या. मला ते दिसत होतं आणि तरी मी पाकीट काढलं. उन्हात बायको उभी, पुढे दीडशे किलोमीटर, भांडायला भाषा अर्धीमुर्धी. असल्या माणसाचं गणित नेमकं याच घाईवर चालतं.

संध्याकाळी सिरोंजला पोचेपर्यंत तेच चाक पुन्हा बसलं. बसस्टँडजवळच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने आधी काय केलं असेल? बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवली. बुडबुडा आला. पिन ढिली होती. पंपावरच्या पोराने हवा बघताना ती सैल केली असणार. नाहीतर सकाळी पंक्चर मुळात नव्हतंच. मग मेकॅनिकने टायर उतरवला आणि आतून बोट फिरवून दाखवलं: सातही भोकं एका वितीत, सगळी सरळ आत गेलेली, एकाच जाडीची. खिळा रस्त्यावर लागतो तेव्हा बऱ्याचदा तिरका घुसतो, आणि बहुतेक वेळा टायरमध्येच अडकून राहतो, म्हणूनच हवा हळूहळू जाते. सातवं भोक कडेच्या भिंतीला होतं. तिथे पॅच टिकत नाही, तिथला रबर सतत वाकतो. "यह टायर अब मत चलाना," म्हणाला. पिन बदलायचे वीस रुपये घेतले, बॅगा उपसून स्टेपनी लावून दिली.

रात्री मेहुणा दिवसभराचे फोटो बघत होता. चहाच्या ग्लासांचा एक फोटो, त्यात मागे दुकानदार. मोठा करून पाहिला तर स्पंजाच्या खालून सुईएवढं टोक बाहेर आलेलं.

तुम्ही जाणार असाल तर चाक खोलायच्या आधी स्वतः पाणी टाकून बघा. बुडबुडा स्पंज फिरवल्यावर नाही, टायर नुसता भिजवल्यावर यायला हवा. आधी व्हॉल्व्ह. खिळा दाखवल्याशिवाय पॅच लावू देऊ नका, आणि हात लावू देण्याआधी दर ठरवा, 'एका पंक्चरचे' की 'सगळ्याचे' तेही. चाकावरून नजर हटवू नका, चहा नंतर प्या. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. हवा हळूहळू जात असेल तर ती भरत भरत मोठ्या गावापर्यंत जाता येतं. आणि स्टेपनीवर सामान ठेवू नका. १०३३ ही हेल्पलाइन राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, आडरस्त्यावर तिचा भरवसा धरू नका. पैशांवरून धमकी आली तर ११२.

ग्वाल्हेरला नवा टायर घेतला. पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी गाडी लावली तेव्हा सूर्य मावळतीला होता. मेहुणा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, खाली उतरला आणि स्मारकाकडे जाण्याआधी चारही चाकांभोवती फिरून एकेक अंगठ्याने दाबून आला.