दंगेखोर मुलांसाठीचा आधार कक्ष: एका वर्गशिक्षिकेचं मत

आमच्या शाळेच्या आधार कक्षाबद्दल लिहिते आहे. मी सातवीची वर्गशिक्षिका, भाषा शिकवते. वर्ग डोक्यावर घेणारं मूल या कक्षाकडे पाठवता येतं.

पाठवलं की आधी एक कागद हातात येतो. त्यावर तीन रकाने: आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘उद्धटपणा केला’ असं लिहिलं तर समुपदेशक बाई कागद परत करतात. ‘पुस्तक जमिनीवर टाकलं, उठून दाराकडे गेला’ असं लिहावं लागतं. तासाच्या गडबडीत हे भरणं जिकिरीचं आहे, पण सगळी किंमत याच कागदाची आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा सारखा भांडणं काढायचा. प्रत्येक शिक्षक त्याला बाहेर उभं करायचा. रकाने भरत गेल्यावर दिसलं की प्रकट वाचनाची पाळी त्याच्या बाकाजवळ आली की भांडण हमखास. बाहेर गेला की वाचन टळलं. म्हणजे आपण जिला शिक्षा म्हणत होतो, तीच त्याला हवी होती! बाईंनी त्याचं वाचन तपासलं, तर ते वयाच्या मानानं बरंच मागे होतं. आता उद्याचा उतारा त्याला आदल्या दिवशी मिळतो, कक्षात तो दोनदा वाचून येतो, आणि त्याची पाळी कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

मुलाच्या वागण्याबद्दल आणि भावनांबद्दल एक प्रश्नावलीही भरून घेतात. १९९७ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी मांडलेली, २५ विधानांची. पालक आणि शिक्षक वेगवेगळी भरतात, अकरा वर्षांपुढचं मूल स्वतःही भरतं. तिच्यावरून निदान होत नाही, पुढे कुठे बघायचं एवढंच कळतं. हे बाईंनी त्या मुलाच्या आईला दोनदा समजावलं, ते मला फार आवडलं. आई ‘माझ्या मुलात काय बिघडलंय’ असं विचारत आली होती.

रोज शाळा भरताना तो बाईंना भेटतो, सुटताना पुन्हा. दोनच मिनिटं, पण माणूस तोच. माझ्या मते एखाद्या लांबलचक समुपदेशनापेक्षा या दोन मिनिटांनी जास्त काम केलं. भांडण काढूनही बाहेर पाठवणं बंद झालं, तेव्हा सुरुवातीला तो जास्तच बिथरला. असं होईल हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही टिकलो. ही सूचना नसती तर शिक्षकांनी तिथेच नाद सोडला असता.

आता तक्रारी. त्याला कक्षात बोलावतात ते खेळाच्या तासाला. दिवसभरात तो ज्यात चमकतो तो एकच तास काढून घ्यायचा, हे मला अजिबात पटत नाही आणि मी ते बैठकीत बोलले आहे. दुसरं, बदली शिक्षक आले की त्यांना काहीच माहीत नसतं, मग मूल पुन्हा दाराबाहेर. तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. ज्या मुलीची वही त्यानं फाडली, तिच्याशी समेटाची बैठक छान झाली, आधी तिची तयारीही विचारली गेली, पण नंतर तिची विचारपूस कुणी केली नाही. वर्गातली शांत मुलंही या दंग्यात भरडली जातात.

‘इतके लाड कशाला, सरळ काढून टाका’ म्हणणारे सहकारी आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटानं २००८ मध्ये ‘शून्य सहनशीलता’ धोरणांचा, म्हणजे छोट्या चुकीलाही ठरलेली कडक शिक्षा देण्याचा, आढावा घेतला, तेव्हा या धोरणांमुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही. माझा अनुभवही तोच सांगतो: घरी पाठवलेलं मूल धड्यात आणखी मागे पडून परत येतं.

पाचपैकी चार तारे. तुमच्या शाळेत असा कक्ष सुरू होत असेल तर वेळापत्रक आधी मागून घ्या, आणि मुलाची रोजची नोंद ज्या कार्डावर होते ते खिशात मावेल एवढंच छापायला सांगा. आमचं पानभर मोठं आहे, सगळ्या वर्गाला दिसतं.