कॅलेंडरवरची 71 घरं

या वकीलबाईंच्या ऑफिसला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला ऊसवाला. मी वाट वापरू नये म्हणून शेजाऱ्यानं मनाईचा दावा घातलेला, त्याचा निकाल 18 जून 2024 ला माझ्या विरोधात लागला. मला पत्ता नाही. माझे तेव्हाचे वकील (नाव नको) फोनवर दर वेळी म्हणायचे, "तारीख पडलीय, कळवतो." 2 सप्टेंबरला शेजाऱ्यानं बांधावर दगड रचले आणि निकालाची झेरॉक्स माझ्या तोंडापुढं धरली, तेव्हा कळलं. जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस असतात. ते 18 जुलैलाच संपलेले.

पाहुण्यानं या ऑफिसचा पत्ता दिला. कसबा बावड्यात, न्यायसंकुलापासून चालत जाण्याइतकं. जिना अरुंद, बसायला तीन खुर्च्या, भिंतीवर कालनिर्णय. वकीलबाई माझ्या थोरल्या पोरीच्या वयाच्या. मी पाठ करूनच गेलतो: जुलैअखेर पंचगंगेनं धोक्याची 43 फुटांची पातळी ओलांडलेली, आमचा रस्ता नऊ दिवस पाण्याखाली, मग येणार कसा? वर म्हटलं, हवं तर डॉक्टरचा दाखलापण आणतो, ओळख आहे.

बाईंनी पेन खाली ठेवला. "काका, दाखल्याचं परत बोललात तर फाइल उचलायची आणि जायचं. आणि निकाल तुम्हाला कळला कधी?"

"2 सप्टेंबरला."

"मग जुलैच्या पुराचा काय संबंध? पूर लिहिला की समोरचा वकील म्हणणार, यांना निकाल माहीत होता, नुसतं पाण्यामुळं आले नाहीत. तुमची खरी गोष्ट तुम्हीच खोटी पाडताय. नदीला मध्ये आणू नका."

खरं सांगतो, मला ते लागलं. आमच्याकडं काहीही अडलं की पुरावर घालायची सवय आहे.

मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर आडवं घातलं. अपील दाखल होईल त्या दिवसापर्यंत, म्हणजे 19 जुलै ते 27 सप्टेंबर, लाल पेनानं एकेक घर. 71 भरली. पहिली 46 माहीतच नव्हतं या कारणाखाली. पण नुसतं 'वकिलानं सांगितलं नाही' म्हणून भागत नाही, म्हणाल्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको असं सुप्रीम कोर्ट 1981 पासून म्हणतंय, पण पक्षकार स्वतः झोपला नव्हता हे दिसायला लागतं. म्हणून मोबाइल कंपनीकडून कॉलची यादी काढायला लावली. 25 जून, 9 जुलै, 5 ऑगस्ट, जुन्या वकिलांना केलेले तिन्ही फोन त्यात निघाले. माझ्या सगळ्या बाजूत तेवढाच कागद मजबूत होता.

उरलेल्या 25 घरांवर दीड तास गेला. 4 सप्टेंबरला कोर्टात निकालाच्या नकलेचा अर्ज, 13 ला नक्कल हातात. नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात ना, मी विचारलं. होतात, पण अर्ज मुदतीत केला असेल तर. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाचे दिवस नुसते कारण म्हणून दाखवता येतात. 13 ते 20? गणपती, आणि जुने वकील फाइल देईनात. "20 ला फाइल मिळाली असंच लिहू, सजवायचं नाही."

मी म्हटलं, 71 दिवस म्हणजे लई झाले की. त्यावर त्यांनी सांगितलं की 1998 मध्ये सुप्रीम कोर्टानं 883 दिवसांचा उशीर माफ केलाय, आणि 2012 मध्ये टपाल खात्याचा 427 दिवसांचा नाकारलाय, कारण फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती यापलीकडं त्यांच्याकडं कारणच नव्हतं. दिवस किती यापेक्षा कारण पटतं का, हे बघतात. मुदतीच्या कायद्यातलं कलम 5 म्हणतात त्याला, शब्द आहेत 'पुरेसं कारण'. दावा उशिरा लावला तर हे कलम चालत नाही हेपण तिथंच कळलं. अपील आणि अर्जांपुरतंच आहे ते.

अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र दिलं. शेजाऱ्याला नोटीस गेली, त्याच्या वकिलानं जोरात विरोध केला. पाच महिन्यांनी माफी मिळाली, शेजाऱ्याला 2,000 रुपये खर्च द्यायच्या अटीवर. निमूट भरले.

पण यातलं दुखणं कुणी आधी सांगत नाही. उशिराच्या अपिलात कोर्ट ते ऐकायला घेईपर्यंत खालच्या हुकमाला स्थगिती देत नाही. म्हणजे ते पाच महिने वाट बंद. हंगामात टोळीनं उसाच्या मोळ्या दुसऱ्याच्या रानातून डोक्यावर काढल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच कानाआड केलं.

फी 15 हजार, दोन हप्त्यांत, दोन्हीची पावती. टायपिंग-झेरॉक्स वेगळं. पुढं हायकोर्टात जायची पाळी आली तर 90 दिवस असतात, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर बसतंय, त्यामुळं मुंबईची रात्रीची गाडी तरी वाचली.

कापलेला स्टार: संध्याकाळी सहाच्या आधी फोन उचलत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, आणि अशिलासमोर अशिलाला झापतात. माझ्यानंतर बसलेल्या माणसानं सगळं ऐकलं. मात्र निघताना माझ्या मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घालून केसचा सोळा आकडी-अक्षरी नंबर टाकून दिला. आता दूध घालून आलो की आधी तारीख बघतो. कालनिर्णयाची ती तीन पानं बाईंनी फाइलला लावून टाकली, भिंतीवर जूननंतर एकदम ऑक्टोबर होता.