गॅरेजसाठी स्वस्त एलईडी: वीस वॅटची पट्टी कशी निघाली

रावेरला आमचं मोटर रिवाइंडिंगचं गॅरेज आहे. केळीच्या बागांच्या सबमर्सिबल मोटरी येतात. जुन्या ट्यूबा चोक धरून ४५ वॅटच्या आसपास खायच्या, म्हणून चार फुटी, २० वॅटच्या एलईडी पट्ट्या घेतल्या.

दुकानदार वॅट सांगतो, आपण खोक्यावरचं लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचायचं. माझ्या पट्टीवर २००० आहे, म्हणजे वॅटला १००. याच्या खाली असेल तर स्वस्त असूनही महागच. शेजारच्या रॅकवर बिनबिलाची पट्टी होती, तिच्यावर ना लुमेन ना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण. तिला हात लावला नाही.

उजेडाचा रंग ४००० केल्विनचा, म्हणजे मध्यम पांढरा घेतला. ६५०० चा पांढराफटक उजेड तांब्याच्या तारेवर चमकतो, डोळे दुखतात. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० च्या वर आहे, त्यामुळे मोटरीची लाल, पिवळी, निळी लीड (वायर) रात्रीही चटकन ओळखू येते. मोबाईलचा कॅमेरा धरून पाहिला, स्क्रीनवर काळे पट्टे दिसले नाहीत, म्हणजे उजेड लुकलुकत नाही. लेथ असेल त्याने हे बघाच. लुकलुकत्या उजेडात लेथचा फिरता चक (काम पकडणारा भाग) थांबल्यासारखा दिसतो, अन् तिथे बोटं जातात.

खोट एकच, सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे लाईनच्या अचानक झटक्यापासूनचं संरक्षण, फक्त २.५ केव्ही (अडीच हजार व्होल्ट). आमच्याकडची लाईन पाहता ४ केव्ही हवं होतं. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, वर पत्रा; पट्टीतला ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारं सर्किट) भाजून निघतो. म्हणून पत्र्याला न ठोकता दोन फूट खाली पाइपावर टांगल्या.

"आते बरं दिसस, भाऊ," कारागीर म्हणाला. माझे गुण पाचपैकी चार.