जेनेरिक इमॅटिनिब ४००: गोळी चोख, पुरवठा ढिसाळ

खानापूर तालुक्यात राहणारे आमचे काका क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी भारतीय बनावटीची इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतात, आणि ती बेळगावातील एका औषध दुकानातून आणण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हे परीक्षण गोळीचे आहे, तसेच ती घरी पोहोचेपर्यंतच्या व्यवस्थेचेही आहे.

या आजारात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे अमेरिकी संशोधक जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होते. ते टायरोसिन कायनेज आहे. म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनातील टायरोसिन या घटकावर बसवणारे एन्झाइम. निरोगी पेशीत अशी एन्झाइमे बाहेरून निरोप आला की कामाला लागतात आणि काम होताच थांबतात. बीसीआर-एबीएल मात्र स्टार्टर चिकटलेल्या बोअरच्या मोटरीसारखे चालूच राहते, आणि वाढीचा निरोप अखंड मिळत राहिल्याने पांढऱ्या पेशींची संख्या आवाक्याबाहेर जाते. इमॅटिनिब या एन्झाइममध्ये एटीपीच्या जागी जाऊन बसते, त्यामुळे पुढचा निरोप जात नाही. सरसकट सगळ्या वाढत्या पेशींवर घाव घालणाऱ्या केमोथेरपीपेक्षा हे औषध वेगळे ठरते ते इथेच; काकांचे केस गेले नाहीत आणि शेतावरची फेरीही सुटली नाही.

अमेरिकेत या औषधाला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे १.२ लाख रुपये, तर जेनेरिकचा आठ ते दहा हजार रुपये होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला नसता, तर आमच्यासारख्या घराने या गोळीचे परीक्षण लिहिण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

गोळी जेवणासोबत आणि मोठा पेला भरून पाणी पिऊनच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ ठरलेली, म्हणून काकू दुपारच्या ताटात अर्धी भाकरी झाली की गोळी पुढे करतात. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हे दोन्ही त्रास या औषधाचे नेहमीचे आहेत, पण वजन झपाट्याने वाढले किंवा धाप लागली तर डॉक्टरांना लगेच कळवावे. ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगितले जाते. ते आपल्या बाजारात फारसे नसले तरी गणपतीच्या दिवसांत येणारे पपनस त्याच कुळातले आहे, हे पत्रकात कोणी लिहीत नाही.

औषध लागू पडते आहे की नाही हे तब्येतीवरून ठरवू नये. दर तीन महिन्यांनी रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण पीसीआर चाचणीने मोजतात. ते तिसऱ्या महिन्यापर्यंत १० टक्के किंवा त्याखाली आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे अशी अपेक्षा असते. अहवाल चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद करणे धोक्याचे आहे. गोळ्या चुकवल्या की आकडा पुन्हा चढू शकतो. कधी कधी मात्र गोळी नियमित घेऊनही तो चढतो, कारण एन्झाइमचीच रचना बदललेली असते. टी३१५आय हा बदल झाला तर इमॅटिनिबच नव्हे, डॅसाटिनिब आणि निलोटिनिब ही त्याच वर्गातील औषधेही निरुपयोगी ठरतात आणि पोनॅटिनिबसारख्या औषधाकडे वळावे लागते.

तक्रार आहे ती दुकानाबद्दल. एका खेपेस ४०० ची पाकिटे संपली म्हणून १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि रोज चार घ्यायच्या हे सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. काकूंनी पट्टीवरचा आकडा वाचून फोन केला म्हणून निभावले. ‘कंपनी बदलली तरी औषध तेच,’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे, परंतु मात्रा बदलली की तोंडाने सांगायला हवे. आतले पत्रक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. मराठी घराला ना कन्नड घराला त्याचा उपयोग. गोळ्या संपण्याच्या किमान आठवडाभर आधी मागणी नोंदवावी आणि पट्टी दुकानातच वाचून घ्यावी.

निपाणीकडच्या एका नातेवाइकांनी तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगासाठी हीच गोळी चालेल का, अशी विचारणा केली. चालणार नाही, कारण त्या गाठीची वाढ बीसीआर-एबीएलवर चालत नाही. पोटातील जीआयएसटी या गाठीवर मात्र हीच गोळी वापरतात, कारण तिथे बहुधा केआयटी हे दुसरे टायरोसिन कायनेज बिघडलेले असते आणि इमॅटिनिब त्यालाही अडवते.