केळीच्या खांबापासून फिल्म बनवण्याच्या नावाखाली गेलेले 4,42,200 रुपये

इमू आणि कडकनाथ कोंबड्या पाळण्याचे फसवे करार पाहिलेल्यांना "माल आम्हीच परत घेऊ" ही भाषा नवी नाही. मलाही नव्हती, तरी मी सही केली. यंत्राचे 3,50,000, त्यावरील जीएसटीचे 63,000 आणि नोंदणीचे 40,000, असे 4,53,000 रुपये मी भरले. यावल तालुक्यातील माझ्या बागेत कापणीनंतर बांधावर कुजणाऱ्या खांबांपासून खाद्यपदार्थ गुंडाळण्याची विघटनशील फिल्म बनवायची आणि कंपनीने ती 180 रुपये किलोने घ्यायची, असे ठरले होते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशीच मला कळायला हवे होते. यंत्रात खांब घालणाऱ्या मुलाचा पांढरा शर्ट शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून कधी जात नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या तंतूंतून सेल्युलोज काढायचे तर ते अल्कलीत शिजवून, विरंजन करून (रंग घालवून), त्यात स्टार्च आणि ग्लिसरीन मिसळावे लागते. तिथे ना टाकी होती, ना भट्टी, आणि बाहेर मात्र काचेसारखी फिल्म येत होती. तो शर्ट मी पाहिला आणि गप्प बसलो, हे आजही सलते.

तरीही मला हावरट म्हणू नये. अशा फिल्मवर खरोखर संशोधन झाले आहे, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे, आणि माझ्या यंत्रातून निघालेल्या तपकिरी, जाड, पुठ्ठ्यासारख्या 60 किलो मालाचे 10,800 रुपये त्यांनी चोख दिले. त्यानंतर फोन बंद झाले आणि उरलेले 4,42,200 रुपये बुडाले. पत्नीने कंपनीच्या फिल्मचा नमुना बादलीतल्या पाण्यात दाबून बुडवला, तरी तो वर आला. जाळल्यावर मेणबत्तीचा वास सुटला. पाण्यावर तरंगणारे, मेणासारखे जळणारे ते साधे पॉलिथीन होते. ही परीक्षा पैसे भरण्यापूर्वी करा, आणि यंत्रात स्वतःच्या बागेतला खांब स्वतःच्या हाताने घाला.

पोलीस ठाण्यात "करार आहे, म्हणजे बाब दिवाणी आहे" असे सांगून मला आर्थिक गुन्हे शाखेकडे पाठवले, शाखेने पुन्हा ठाण्याकडे पाठवले, आणि पाच खेपांत माझ्या अर्जाची साधी पोचही कोणी दिली नाही. एका अधिकाऱ्याने तर शिकलेल्या माणसाने असे कसे केले, हेच मला तीनदा विचारले, पण आरोपीचे बँक खाते एकदाही विचारले नाही. ग्राहक आयोगात हा व्यावसायिक व्यवहार असल्याचे सांगून मला दारातूनच परत पाठवले. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, हे मला नंतर वकिलांकडून समजले, म्हणून तिथे तोंडी बोलू नका, लेखी तक्रार दाखल करा. विक्रेत्याकडे आयएस 17088 या कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या भारतीय मानकानुसार चाचणीचा अहवाल आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागा. मी मागितले तेव्हा "प्रक्रियेत आहे" असे उत्तर मिळाले होते आणि त्याच दुपारी मी 40,000 रुपये भरले होते.